खुनाचे चित्रपट आणि आपण

सूर्यास्ताआधी जेवणं उरकणाऱ्या घरांत रात्र लांब असते. भांडी झाली, ओटा पुसला, विरजण लावलं, तरी झोपायला दोन-अडीच तास उरतात. त्या वेळात बहुतेक घरांत मालिका चालते. एक सून दुसरीच्या दुधात काहीतरी मिसळते, सासू दाराआड उभी राहून ऐकते, कुणीतरी जिन्यावरून ढकलली जाते, आणि आपण ‘बाई गं’ म्हणत दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी बसतो. त्याला कुणी हिंसा म्हणत नाही. मी मात्र जुन्या अमेरिकन गुन्हेपटांचं नाव काढलं की मंडळात पहिला प्रश्न ठरलेला: “खुनाचे सिनेमे? आपण? आणि तेही चातुर्मासात?”

प्रश्न टाळण्यासारखा नाही. जी बाई पाणी गाळून घेते, अंधारात चूल पेटवत नाही, तिने खुनाची गोष्ट करमणूक म्हणून का बघावी? याचं उत्तर मला द्यायचं आहे, आणि ते देता देता ज्यांनी या जातीचा एकही चित्रपट पाहिलेला नाही त्यांना कुठून सुरुवात करावी तेही सांगायचं आहे. कारण सुरुवात चुकली की बाई दहा मिनिटांत उठते आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही.

या चित्रपटांना ‘फिल्म न्वार’ म्हणतात. कुणी ‘नॉयर’ही म्हणतात. शब्द फ्रेंच, अर्थ साधा: काळा चित्रपट. चित्रपट मात्र अमेरिकेचे, साधारण १९४० ते १९५८-५९ या काळातले. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता तोवर तिथे अमेरिकन चित्रपट येत नव्हते. युद्ध संपल्यावर ते एकदम येऊन पडले, आणि निनो फ्रँक नावाच्या समीक्षकाला १९४६ मध्ये जाणवलं की हॉलिवूडचा रंगच बदललाय. त्याने हे नाव वापरलं. ज्यांनी हे चित्रपट काढले त्यांना आपण ‘न्वार’ काढतोय याचा पत्ताही नव्हता. त्यांच्या लेखी ते नेहमीचे गुन्हेपट. त्यातले कित्येक दिग्दर्शक जर्मनी-ऑस्ट्रियाकडून आलेले होते: फ्रिट्झ लँग, बिली वाइल्डर, रॉबर्ट सिओडमॅक, ऑटो प्रेमिंजर. बहुतेक हिटलरमुळे घरदार सोडून आलेले. वाइल्डरची आई मागे राहिली आणि नाझींच्या हातून मारली गेली. अशी माणसं कॅलिफोर्नियाच्या उन्हातही सावल्या बघत असतील तर नवल नाही.

आपल्याला हे अगदी परकंही नाही. गुरुदत्तचा ‘बाजी’ (१९५१), राज खोसलांचा ‘सीआयडी’ (१९५६) ज्यांनी पाहिलाय त्यांना ती तिरपी टोपी, तो क्लब, गाण्यामागची ती धमकी माहीत आहे. मुंबईला ही तऱ्हा अमेरिकेहूनच आली. फरक एवढाच की आपल्याकडे देव आनंद शेवटी सुटतो.

आता हिंसेबद्दल. हॉलिवूडमध्ये १९३४ पासून एक आचारसंहिता कडकपणे लागू होती. खून तपशिलाने दाखवायचा नाही, त्याची रीत शिकवायची नाही, गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, नवराबायकोचे पलंगसुद्धा वेगळे. या बंधनामुळे एक गंमत झाली. खून पडद्याबाहेर गेला आणि पडद्यावर उरला तो खुनाचा विचार. तो कुणाच्या मनात कधी आला, कसा वाढला, दुसऱ्याच्या गळी कसा उतरवला, करून झाल्यावर त्याने माणसाचं काय केलं. आपल्या भाषेत सांगायचं तर द्रव्यहिंसा झाकली गेली आणि दीड तास भावहिंसाच समोर राहिली.

तत्त्वार्थसूत्रातला हिशेब आपल्यातल्या बऱ्याच जणींना तोंडपाठ आहे. संरंभ, समारंभ, आरंभ, म्हणजे मनात ठरवणं, साधनं जमवणं, करायला लागणं. ते मनाने, वचनाने, कायेने. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, दुसऱ्याने केलं त्याला मान डोलावलेलं. आणि या सगळ्याच्या मुळाशी क्रोध, मान, माया, लोभ. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक एकशे आठ. जपमाळेचे १०८ मणी याच हिशेबाचे, असं आपण लहानपणापासून ऐकतो. हॉलिवूडच्या लेखकांना हे ठाऊक असण्याचं कारण नाही. पण न्वार बघताना मला हा हिशेब जितका लख्ख दिसला तितका कित्येक प्रवचनांत दिसला नव्हता.

पहिला चित्रपट म्हणून ‘डबल इंडेम्निटी’ (१९४४) बघा. दिग्दर्शक बिली वाइल्डर, कादंबरी जेम्स केनची, पटकथा वाइल्डर आणि रेमंड चँडलरची. वॉल्टर नेफ हा विमा एजंट गाडीच्या पॉलिसीचं नूतनीकरण करायला एका घरी जातो. मालक घरात नाही, बायको आहे. फिलिस. पायात पैंजणासारखी नाजूक साखळी. ती सहज विचारल्यासारखं विचारते: नवऱ्याला न कळवता त्याचा अपघाती विमा काढता येतो का? नेफला अर्थ तत्काळ कळतो. तो रागावून निघून जातो. इथपर्यंत तो निर्दोष आहे. पण रात्री ती त्याच्या दाराशी येते, तेव्हा आपल्याला समजतं की तो विचार त्याच्याही मनात आधीपासून मुक्कामाला होता. विम्याच्या धंद्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला कंपनीला फसवायचं कसं हे कुणी शिकवावं लागत नाही. आगगाडीतून पडून मेल्यास दुप्पट रक्कम, हे तोच तिला सांगतो.

साधनं जमवायची भेट कुठे होते? किराणा दुकानात. डब्यांच्या रांगांमध्ये फिलिस उभी, नेफ शेजारी, दोघं एकमेकांकडे न बघता खुनाचं बोलतायत आणि मधेच एखादी गिऱ्हाईक बाई येऊन वरच्या फळीवरचा डबा काढून मागते. हा प्रसंग मला संपूर्ण चित्रपटात सगळ्यात भीतीदायक वाटतो. अंधार नाही, पाऊस नाही. आपण तूरडाळ घेतो तसली जागा.

खून गाडीत होतो. फिलिस गाडी चालवतेय, नवरा शेजारी, नेफ मागे दडलेला. ती ठरल्याप्रमाणे हॉर्न वाजवते आणि कॅमेरा फक्त तिच्या चेहऱ्यावर थांबतो. शेजारी काय होतंय ते दिसत नाही. दिसतो तो रस्त्याकडे बघणारा एक चेहरा, आणि त्यावर हळूच उमटणारं समाधान. बार्बरा स्टॅनविकने तिथे भुवईसुद्धा फारशी हलवलेली नाही.

पण माझा मुद्दा त्याच्या पुढच्या प्रसंगात आहे. प्रेत रुळावर टाकून दोघं गाडीत येऊन बसतात. फिलिस किल्ली फिरवते. गाडी सुरू होत नाही. पुन्हा फिरवते. नाही. त्या क्षणी तुम्ही स्वतःकडे बघा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सोफ्याच्या कडेवर आले होते आणि मनात चाललं होतं: सुरू हो, सुरू हो. एका निरपराध माणसाला मारून आलेल्या दोघांची गाडी सुरू व्हावी म्हणून! गाडी सुरू झाल्यावर मी सुटकेचा श्वासही सोडला. याला अनुमोदना म्हणतात. नेफने केलं, फिलिसने करवलं, आणि तिसरी जागा वाइल्डरने प्रेक्षकासाठी राखून ठेवली होती. मालिकांमधली खलनायिका आपल्याला ही जागा कधीच देत नाही. तिच्याकडे बोट दाखवून आपण मोकळ्या होतो.

सगळी गोष्ट नेफ रात्री कार्यालयात बसून ध्वनिमुद्रण यंत्रात सांगत असतो. खांद्यात गोळी लागलेली, कपाळावर घाम. पैसे मिळाले नाहीत आणि बाईही मिळाली नाही, हे तो सुरुवातीलाच कबूल करतो. पहिल्या वेळी मला ही आलोचना वाटली. दुसऱ्यांदा पाहिल्यावर मत बदललं. तो हे आपला वरिष्ठ कीज याला सांगतोय, आणि त्यात पश्चात्तापाबरोबर ‘तुझ्या नाकाखाली होतो, तरी तुला दिसलो नाही’ ही ऐटही आहे. मरायला टेकलेल्या माणसाचा मान सुटलेला नाही. कीजची भूमिका एडवर्ड जी. रॉबिन्सनने केलीय. खोटा दावा आला की त्याच्या छातीत जळजळ होते. हा माणूस चित्रपटाचं खरं हृदय आहे. सात ऑस्करसाठी नामांकन होऊन चित्रपटाला एकही मिळालं नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

एक तक्रार मात्र आहेच. फिलिसचा दिवस कसा जातो हे वाइल्डर दाखवत नाही. तुसडा नवरा, तिरस्कार करणारी सावत्र मुलगी, डोंगरउतारावरचं ते कोंदट घर हे सगळं दोन-चार वाक्यांत येतं आणि जातं. नेफच्या मनाच्या प्रत्येक पायरीला वेळ आहे, तिच्या मनाला नाही. न्वारमधल्या ‘घातकी बाई’बद्दल खूप लिहिलं गेलंय. मला वाटतं, ती घातकी दिसते याचं निम्मं कारण गोष्ट नेहमी पुरुष सांगतो हे आहे. म्हणून दुसरा, तिसरा आणि चौथा चित्रपट मी मुद्दाम घरातले निवडते.

हिचकॉकचा ‘शॅडो ऑफ अ डाउट’ (१९४३) काहीजण न्वारमध्ये धरत नाहीत, कारण त्यात ऊन फार आहे. मी धरते. सांता रोझा हे कॅलिफोर्नियातलं छोटं गाव, सुखी कुटुंब, थोरली मुलगी चार्ली. आईचा धाकटा भाऊ, तोही चार्ली, बऱ्याच वर्षांनी राहायला येतो. इंग्रजीत तो नुसता ‘अंकल’ आहे. आपण बघताना मनातल्या मनात ‘मामा’ म्हणतो आणि चित्रपट एकदम दुसराच होतो. मामा! ज्याच्या गावाला आपली झुकझुक गाडी जाते तो. सगळ्यांना भेटी घेऊन येतो, भाचीच्या बोटात पाचूची अंगठी घालतो, आणि अंगठीच्या आत भलत्याच कुणाची तरी आद्याक्षरं कोरलेली असतात.

जेवणाच्या टेबलावर तो श्रीमंत विधवांबद्दल बोलायला लागतो. आवाज न चढवता. नवऱ्यांच्या कमाईवर खाऊनपिऊन सुस्तावलेल्या बायका. भाची म्हणते, त्याही माणसंच आहेत ना! तेव्हा तो तोंड वळवून सरळ कॅमेऱ्यात बघतो, म्हणजे तुमच्या-माझ्याकडे, आणि विचारतो की खरंच आहेत का, आणि जनावरं लठ्ठ नि म्हातारी झाली की त्यांचं काय करतात? थकलेलं जनावर दिसलं की पांजरपोळ आठवणाऱ्या आपल्यासारख्यांना तो प्रश्न दोनदा टोचतो.

पण मी हा चित्रपट सुचवते तो मामासाठी नाही, आईसाठी. एमा. पॅट्रिशिया कॉलिंज या नटीने तिला उभं केलंय. भाऊ निघायचं म्हणतो तेव्हा चारचौघांत तिचा आवाज फुटतो. लहानपणी आम्ही किती जवळ होतो, आणि मग लग्न होतं, संसार लागतो, आपण कोण होतो ते आपणच विसरतो, अशा अर्थाचं काहीतरी ती बोलते. भाऊ म्हणजे तिचं माहेर. तिचं जुनं नाव, जुनी गल्ली, ती स्वतः. भाचीला सत्य कळलेलं आहे, पण बोललं तर आईचं ते सगळं जाईल. म्हणून ती गप्प राहते. मामाने निमूट निघून जावं, एवढ्यावर ती तडजोड करते. त्या गप्प राहण्याला करणं म्हणायचं, करवणं की अनुमोदन? मी ठरवू शकलेले नाही.

यानंतर ‘द रेकलेस मोमेंट’ (१९४९). माझा सगळ्यात लाडका, आणि नव्या माणसांना सुचवायच्या याद्यांत क्वचितच सापडणारा. दिग्दर्शक मॅक्स ओफुल्स, मूळ कादंबरी एलिझाबेथ सँक्से होल्डिंग या बाईंची. लुसिया हार्पर समुद्रकाठच्या घरात राहते. नवरा कामासाठी बर्लिनला. घरात सासरे, सतरा वर्षांची मुलगी, एक अर्धवट वयाचा मुलगा, आणि सगळं सांभाळणारी सिबिल. मुलीची एका नालायक माणसाशी ओळख, त्याचा रात्री बोटघराजवळ अपघाती मृत्यू, आणि सकाळी प्रेत दिसतं ते लुसियाला. मुलीनेच मारलं असं समजून ती ते मोटारबोटीत घालून नेते आणि दूर टाकून येते. घरी येऊन पुन्हा कामाला.

पुढे पत्रांवरून पैसे उकळायला एक माणूस येतो (जेम्स मेसन). पाच हजार डॉलर हवेत. आता हा थरारपट आहे, म्हणून पाठलाग असेल, गोळीबार असेल असं वाटतं. असतं काय, तर लुसियाचे हेलपाटे. बँक, कर्ज देणारं कार्यालय, शेवटी दागिने गहाण ठेवायचं दुकान. नवरा परगावी असताना बाईच्या हातात स्वतःचे म्हणून किती पैसे असतात हे या चित्रपटाइतकं उघडं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आणि तिला भीती वाटायलाही सवड नाही. धमकी देणारा दिवाणखान्यात बसलाय आणि सासरे त्याला कुणी पाहुणा समजून आग्रह करतायत. महत्त्वाचं बोलणं चाललंय आणि मुलगा मधे येतो, त्याच्या कपड्यांवरून ती त्याला टोकते. फोन, याद्या, ख्रिसमसचं झाड. तो गुंड तिला विचारतो की या माणसांतून तुझी कधी सुटका होते का. कुटुंब माणसाला कसं घेरतं हे तुला ठाऊक नाही, अशा अर्थाचं ती उत्तर देते. हे तक्रारीच्या सुरात नाही. हवामान सांगावं तसं.

इथे लोभ नाही. मोह आहे. आई म्हणून तिने जे केलं ते आपल्यातल्या किती जणी करणार नाहीत? ओफुल्सचा कॅमेरा तिच्या मागे जिन्यावरून वर-खाली, खोलीतून खोलीत फिरत राहतो, आपण दिवसभर फिरतो तसाच. सिबिल ही कृष्णवर्णीय मोलकरीण एकटीच सगळं ओळखून आहे. विचारत काही नाही, पण वेळ आली तेव्हा गाडीत शेजारी येऊन बसते. शेवटी बर्लिनहून नवऱ्याचा फोन येतो. घरचे सगळे भोवती जमलेले. लुसिया जिन्याशी बसून, कठड्याच्या गजांआडून, रडत रडत सांगते की सगळं ठीक आहे. एवढं बघून मी टीव्ही बंद केला आणि बराच वेळ दिवा लावला नाही.

‘मिल्ड्रेड पिअर्स’ (१९४५) त्यामानाने ढोबळ, पण आपल्या बायकांना सगळ्यात जवळचा वाटेल असा. नवरा सोडून गेल्यावर मिल्ड्रेड घरी केक आणि पाय करून विकते, हॉटेलात वाढपीण म्हणून राबते, मग स्वतःची खानावळ, मग अनेक खानावळी. लाडू-चकलीच्या ऑर्डरी घेऊन मुलांच्या फिया भरणाऱ्या कितीतरी बायका आपल्या ओळखीत आहेत. त्यांनी हा जरूर बघावा. थोरली मुलगी व्हीडा आईच्या कष्टाच्या वासालाही नाक मुरडते. आईचा तो वाढपिणीचा पोशाख घरी सापडतो तो प्रसंग बघवत नाही. जोन क्रॉफर्डला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, आणि योग्य मिळालं.

केनच्या मूळ कादंबरीत खून नाहीच. चित्रपटवाल्यांनी तो घातला, सुरुवातीलाच. त्यामुळे बाईच्या कर्तबगारीची सगळी हकीकत पोलीस ठाण्यात, जबाब देताना येते. ती धंद्यात यशस्वी झाली हाच जणू गुन्हा. १९४५ साल. युद्ध संपलेलं, पुरुष परतलेले, कारखान्यांतल्या बायकांनी आता घरी जावं अशी हवा. शेवटी मिल्ड्रेड पहिल्या नवऱ्याबरोबर सकाळच्या उजेडात बाहेर पडते आणि वाटेत दोन बायका गुडघ्यांवर बसून फरशी घासत असतात. दिग्दर्शक मायकेल कर्टिझला त्यातून काय म्हणायचं होतं कोण जाणे. मला त्या दोघी उजेडापेक्षा जास्त लक्षात राहिल्या. मिल्ड्रेडच्या कृष्णवर्णीय मोलकरणीला मात्र यात नुसतं हशासाठी वापरलंय, ते आज खटकतं, खटकायला हवं.

आता ‘स्कार्लेट स्ट्रीट’ (१९४५), फ्रिट्झ लँगचा. याच्याबद्दल शेवट न सांगता बोलता येत नाही, तेव्हा ज्यांना नको त्यांनी हे दोन परिच्छेद सोडावेत. क्रिस हा पंचवीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केलेला रोखपाल. रविवारी चित्रं काढतो. घरी बायको खेकसते, तो झालरीचा अॅप्रन बांधून भांडी घासतो, आणि भिंतीवर बायकोच्या पहिल्या नवऱ्याची भलीमोठी तसबीर. आपण हसतो. मग त्याला किटी भेटते. तीच जोन बेनेट, जी पुढे लुसिया होणार आहे. दोन्ही चित्रपट ओळीने बघा. किटी आणि तिचा यार जॉनी त्याला श्रीमंत चित्रकार समजून लुबाडतात. क्रिस कचेरीतले पैसे उचलतो. त्याची चित्रं किटीच्या नावाने विकली जातात आणि नावाजली जातात, तरी त्याला वाईट वाटत नाही, उलट आनंद होतो. माया आणि लोभ यांच्या इतक्या कोवळ्या अवस्था पडद्यावर क्वचित दिसतात.

ती त्याला हसते तेव्हा तो तिला मारतो. आळ जॉनीवर येतो, फाशीची खुर्ची त्याला मिळते आणि क्रिस गप्प बसतो. कायदा त्याला हातही लावत नाही. गुन्हेगाराला शिक्षा हवीच या नियमातून चित्रपट सुटला तो शिक्षा क्रिसच्या आतच दाखवल्यामुळे. तरी न्यूयॉर्क राज्यात सुरुवातीला त्यावर बंदी आलीच. रात्री अंधाऱ्या खोलीत त्याला त्या दोघांचे आवाज ऐकू येतात. तो मरायला जातो, मरण येत नाही. वर्षांनी फाटक्या कपड्यांत तो एका कलादालनासमोरून जातो, त्याने काढलेलं किटीचं चित्र दहा हजार डॉलरला विकलं जाऊन बाहेर येतंय, आणि रस्ता त्याच्यापुरता रिकामा होत जातो. सेन्सॉरच्या मंडळींना यात गुन्हेगार सुटलेला दिसला. बंध आणि उदय हे शब्द ज्यांच्या कानावर लहानपणापासून पडलेत, त्यांना तो सुटलाय असं एक क्षणही वाटणार नाही.

ज्यांच्या घरात वयात आलेल्या मुली आहेत त्यांनी त्यांना बरोबर घेऊन ‘इन अ लोनली प्लेस’ (१९५०) बघावा. निकोलस रेचा. हम्फ्री बोगार्ट यात पटकथालेखक आहे, हुशार, देखणा म्हणावा असा, आणि एकदम भडकणारा. त्याच्यावर खुनाचा संशय. शेजारीण लॉरेल त्याच्या प्रेमात पडते. डोरोथी ह्यूजच्या कादंबरीत तो खरोखरच खुनी आहे. चित्रपटाने ते बदललं आणि गोष्ट अधिक अवघड केली. खून त्याने केला की नाही हा प्रश्न हळूहळू बाजूला पडतो. या माणसाच्या रागाबरोबर जन्म काढता येईल का, हा प्रश्न उरतो. एका सकाळी तो तिच्यासाठी न्याहारी करतोय, फळ कापायची मुद्दाम वाकडी केलेली सुरी बिघडलीय समजून सरळ करतोय, गोड गोड बोलतोय, आणि लॉरेलचा चेहरा भीतीने ताणलेला. क्रोध ओरडत असतानाच दिसतो असं नाही. स्थळ बघायला जाताना पत्रिकेत हे दिसत नाही.

आणखी दोन गोष्टी. या काळोखात बायका फक्त पडद्यावर नव्हत्या. होल्डिंग आणि ह्यूज आल्याच. ‘लॉरा’ (१९४४) व्हेरा कॅस्परीच्या कादंबरीवरून. ‘फँटम लेडी’ (१९४४) ची निर्माती जोन हॅरिसन, आणि त्यात मालकाला फाशीपासून वाचवायला निघालेली सेक्रेटरी नायिका आहे. नटी आयडा लुपिनो स्वतः दिग्दर्शक झाली आणि तिने ‘द हिच-हायकर’ (१९५३) काढला, ज्यात मुख्य भूमिकेत एकही बाई नाही! दुसरी गोष्ट व्यवहाराची. खालच्या ओळी लावून बघा, संवाद भरभर असतात आणि वाचण्यात कमीपणा नाही. ‘स्कार्लेट स्ट्रीट’, ‘हिच-हायकर’, ‘डीटूर’ यांचे हक्क अमेरिकेत मोकळे आहेत, म्हणून ते फुकट सापडतात, पण धुरकट प्रती फार आहेत. सावलीवर चाललेल्या चित्रपटाची सावलीच दिसत नसेल तर काय उपयोग! थोडं शोधून स्वच्छ प्रत घ्या. रंग भरलेली कधीच घेऊ नका.

जाणकार मंडळी सुरुवातीला ‘द माल्टीज फाल्कन’ (१९४१) आणि ‘द बिग स्लीप’ (१९४६) सांगतात. बोगार्ट, टोपी, सिगारेट, गुप्तहेर. चांगले आहेत, पण सातवे-आठवे म्हणून. त्यात हुशारीची मजा आहे, आतून हलायला होत नाही. ‘आउट ऑफ द पास्ट’ (१९४७) त्यांच्याआधी बघावा, तो सुंदर आहे. ‘बिग स्लीप’मध्ये एका ड्रायव्हरचा खून होतो, आणि तो कुणी केला हे चित्रीकरण चालू असताना चँडलरला विचारलं तर कादंबरीच्या त्या लेखकालाही सांगता आलं नाही, असा किस्सा आहे. चित्रपटही सांगत नाही. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवणाऱ्या मैत्रिणींनी तो अगदी शेवटी बघावा.